मान कुणाचा?

मुंबईत कुणालाही सांगून बघा की तुम्ही कोकणातले. समोरचा आधी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो आणि मग यंदा आंबा कसा आहे ते विचारतो. आंब्याचं ठीक आहे, पण माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. आमच्याकडे ‘व्हय म्हाराजा’ कुणी म्हणत नाही. ते तळकोकणातलं, देवळात देवापुढे मागणं मांडतात त्या गाऱ्हाण्यातलं. लग्न होऊन कुडाळजवळच्या गावात आले तेव्हा सासरची मालवणी मला कान देऊन शिकावी लागली. सासूबाई आणि जावा भरभर बोलायला लागल्या की अर्धं डोक्यावरून जायचं. पण हे ठाण्याच्या सोसायटीतल्या शेजारणीला कोण समजावणार? तिनं कोकण पाहिलंय ते टीव्हीवर, आणि टीव्हीवरचं कोकण सावंतवाडी-कुडाळच्या पंचक्रोशीतच संपतं.

एके काळी या बोलीला ही प्रतिष्ठाही नव्हती. मालवणी बोलणारा माणूस नाटक-सिनेमात यायचा तो बहुतेक घरगडी म्हणून. दोन हशे घ्यायचा आणि ट्रे उचलून आत जायचा. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि त्यातला तात्या सरपंच सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला. परळ-लालबागच्या चाळीतून सुशिक्षित माणसांपुढे मालवणी गिळून टाकणारे चाकरमानी त्या थिएटरात मोठ्यानं हसले. मग २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. तिचं चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या एका वाड्यात झालं. तो वाडा बघायला लोक वाट वाकडी करून येऊ लागले. फाटकापुढे फोटो काढायचे, ‘अण्णा नाईकांचं घर’ म्हणायचे आणि पुढे गोव्याला जायचे. त्याच आकेरीत रामेश्वराचं जुनं, सुंदर देऊळ आहे. तिकडे किती जण वळले असतील, देव जाणे.

सासूबाई ती मालिका रोज बघायच्या आणि रोज नावं ठेवायच्या. “ह्यां आमचां मालवणी न्हय गो. ह्यां मुंबयतलां.” त्यांचं म्हणणं खरं होतं. वाहिनीला नागपूरच्या बाईलाही संवाद कळायला हवेत. म्हणून वाक्याचा सांगाडा प्रमाण मराठीचा ठेवायचा आणि वर ‘खय’, ‘नाय’, ‘असा’ भुरभुरवायचं. गंमत पुढेच आहे. ही भुरभुरवलेली मालवणी आता इथल्याच पोरांच्या तोंडी ऐकू येते. माझा पुतण्या घरात प्रमाण मराठी आणि शाळेत इंग्रजी अशात वाढला. रील करताना तो जी मालवणी बोलतो ती बरीचशी पडद्यावरून उचललेली. आजी दुरुस्त करते. तो मोबाइल खाली ठेवून निमूट ऐकून घेतो आणि दुसऱ्या टेकला पुन्हा तसंच बोलतो. का रे, म्हटलं तर म्हणतो, “काकी, लोकांक हीच कळता.”

तरी मालवणीच्या वाट्याला एवढं तरी आलं. १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून एकच जिल्हा होता. वेगळे झाल्यावर सिंधुदुर्गाकडे जणू कोकणीपणाचा मक्ताच गेला. संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, आगऱ्यांची, कोळ्यांची, दाभोळ-दापोलीकडच्या कोकणी मुसलमानांची, या सगळ्या बोली याच किनाऱ्यावर रोज बोलल्या जातात. संगमेश्वरीत रडणारी, भांडणारी, प्रेमात पडणारी मालिकेतली नायिका मी तरी पाहिलेली नाही. परक्या संस्कृतीनं आपली गिळली अशी ओरड नेहमी ऐकू येते. इथे मला दिसतं ते निराळंच आहे. मोठा पडदा एका बोलीला उचलून खांद्यावर घेतो आणि तिच्या सख्ख्या बहिणींना अंगणात उभं करतो.

आणि परक्याबद्दल या किनाऱ्यानं ओरडावं हे तर जास्तच आहे. काजू आणला पोर्तुगीजांनी. अननस त्यांनीच. मिरचीही त्यांच्याच जहाजातून आली. हापूसच्या नावात अफोन्सो द अल्बुकर्क हा पोर्तुगीज गव्हर्नर बसलाय, आणि २०१८ मध्ये त्याच हापूसला ‘कोकणचा’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला होता. गोऱ्या माणसाला बघायला लोक मागून येतात असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे आम्ही तेव्हापासून पर्यटक बघत आलोय. सासूबाईंना मी एकदा सांगितलं की मिरची अमेरिकेकडची आहे. त्या तेव्हा नातवाची दृष्ट काढत होत्या. मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत, तोंडानं ‘आल्या-गेल्याची, पाप्या-चांडाळाची’ चाललेलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढची दृष्ट माझीच काढावी लागते की काय. मिरचीशिवाय दृष्ट निघते यावर त्यांचा विश्वास बसणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.

बाहेरचं आत येऊन कसं मुरतं याचं कोडं मला मिरचीनं सोडवून दिलं. ती नुसती आवडली म्हणून आपली झाली नाही, तिला घरात एक काम मिळालं. तिच्याशिवाय अडू लागलं.

या उलट, इथून बाहेर गेलेलं काय टिकलं तेही बघण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारानं गेलेल्या मजुरांत कोकणातली माणसं होती. त्यांची पुढची पिढी क्रेओल बोलू लागली, पण आमच्याकडची जाखडी त्यांच्याकडे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. बेने इस्रायली, म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडचे यहुदी, आपले शनिवार तेली, १९४८ नंतर इस्रायलला गेले. नावं पेणकर, रोहेकर, नागावकर. गावं मागे राहिली, ‘कर’ बरोबर गेला. त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, आणि नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून मलिदा ते अजून करतात. पण त्यांची गोष्ट एवढी गोड नाही. तिथल्या धर्मगुरूंनी विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली, तेव्हा ते रस्त्यावर उतरले; १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. इथे असताना ते शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून वेगळे, आणि तिथे गेल्यावर हिंदुस्थानी म्हणून वेगळे. दोन्हीकडे आपण कोण हे त्यांना सांगावं लागलं, आणि दुसऱ्या वेळेला भांडून.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईचं गाव आहे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. पण किल्ल्याच्या पायथ्याची काही शे ख्रिस्ती माणसं घरात अजूनही पोर्तुगीजातून निपजलेली एक बोली बोलतात, बाजारात मराठी. तिला ना वाहिनी, ना वर्तमानपत्र. राजा जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली तरी त्याची भाषा एका गल्लीत राहिली, कारण आई लेकराला त्याच भाषेत रागे भरत राहिली.

मला वाटतं, आपण संस्कृती टिकण्या-बुडण्याची चर्चा चुकीच्या ठिकाणी करतो. कोण काय बघतं, काय ऐकतं, काय घालतं हे मोजत बसतो. आमच्या गावात तरी असं दिसतं की ज्या गोष्टीवर कुणाचा तरी मान, म्हणजे ठरलेला हक्क आहे, आणि त्या मानासाठी भांडायला माणसं अजून तयार आहेत, ती गोष्ट टिकते. नुसती सगळ्यांना आवडणारी गोष्ट टिकेलच असं नाही.

दशावतारच घ्या. कार्तिकात जत्रा सुरू होतात. कोणत्या गावच्या जत्रेला कोणत्या कंपनीचं नाटक, हे बऱ्याच ठिकाणी पिढ्यांपासून ठरलेलं. रात्री पालखी फिरून बसली की नाटक उभं राहतं. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग काळा संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची उतरवतो. त्यानंतर आख्यान. हातात लिहिलेली संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद ज्यानं त्यानं उभ्या उभ्या बोलायचे. बाईचं काम पुरुषच करतो, आणि असा करतो की माझी जाऊ लुगड्याच्या निऱ्यांकडे बघून शिकते. पहाटे दहीकाला. दिवसा हीच माणसं भात झोडत असतात किंवा बागेत शिंपण करत असतात.

या नाटकावर बाहेरच्या वाऱ्याचा परिणाम झाला नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. टीव्हीवर पौराणिक मालिका आल्या तशा इथल्या देवांच्या अंगावर चमकीचे कपडे चढले. हल्ली तर जाहिरातीतच ‘ट्रिकसीनयुक्त नाटक’ असतं. धूर निघतो, नाग डोलतो, मुंडकं उडतं. पहिल्या रांगेत पोरं मोबाइल उंच धरून बसलेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाटक यूट्यूबवर. जाणकार नाक मुरडतात. मला ट्रिकसीन आवडतात. राक्षस मरताना जरा धूर निघाला तर बिघडलं कुठे? आणि यूट्यूबमुळे नटांचं भलंच झालंय. पूर्वी एखाद्या स्त्रीपार्टीचं नाव चार तालुक्यांत ठाऊक असे, आता दुबई-मस्कतच्या खोल्यांमध्ये त्याचे चाहते आहेत.

पण पहाटे तीनला जत्रेत जाऊन बघा. थंडीनं माणसं पांगलेली असतात. चार म्हातारे कानटोप्या घालून, दोन पोरं आईच्या मांडीवर निजलेली, खाजेवाली आवराआवर करणारी. तरी राजा तलवार उपसून त्याच त्वेषानं बोलत असतो. समोर कुणी नसलं तरी आत देव आहे, आणि नाटक हा देवाचा मान आहे. यूट्यूबवर व्ह्यूज आले नाहीत तर चॅनेल बंद पडेल. जत्रेतलं नाटक प्रेक्षक कमी म्हणून आटपतं घेता येत नाही. कंपनीलाही नाही आणि गावालाही नाही. एखाद्या वर्षी ठरलेल्या कंपनीऐवजी दुसरी आणायची म्हटलं तर काय होईल, याची कल्पनाच करवत नाही.

भजनाच्या डबलबारीची कथा वेगळी, जरा जास्त रंगेल. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. पखवाज तापलेला. एकानं पुराणातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं उत्तर देऊन वर टोमणा मारायचा, आणि शेवटाला गजर. या गजराला चाल बहुधा गाजलेल्या सिनेमागीताची. परवा परवापर्यंत ज्यावर वरातीत नाचलो त्याच चालीवर विठ्ठल येतो आणि मांडवातली माणसं बसल्या जागी डुलायला लागतात. आधी हे कॅसेटवर विकलं जायचं, मग सीडीवर, आता फोनवर फुकट. पखवाज वाजवणारे एक ओळखीचे सांगत होते की यात बुवांची पंचाईत झाली. पूर्वी एका गावात टाकलेला प्रश्न दुसऱ्या गावात पुन्हा चालायचा. आता समोरच्यानं तो आदल्याच रात्री मोबाइलवर ऐकलेला असतो. म्हणून बुवांना दर बारीला नवं शोधावं लागतं. पोथ्या पुन्हा उघडल्या गेल्या त्या यूट्यूबच्या धाकानं. मला ही बातमी फार आवडली.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची जत्रा तर आता साऱ्या मराठी वाहिन्यांवर दिसते. लाखांनी माणसं, मंत्र्यांच्या गाड्या, रेल्वेच्या जादा गाड्या. भराडी देवी मूळ आंगणे मंडळींची. जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, आणि ठरला की ती बातमी होते. त्या क्षणापासून कोकण रेल्वेची तिकिटं, मुंबईतल्या रजा, राजकीय पक्षांचे बॅनर, सगळं त्या तारखेभोवती फिरायला लागतं. एवढं प्रचंड यंत्र, पण तारीख हलवायची सत्ता त्यातल्या कुणाकडेही नाही. नेत्याला रविवार सोयीचा असेल, वाहिनीला संध्याकाळ. देवीला विचारायला मात्र तिच्याच माणसांनी जायचं.

आता इथवर वाचून कुणाला वाटेल की मानपान म्हणजे काही फार थोर गोष्ट आहे. ती तशी नाही, आणि हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसणार नाही. देवळातला मान जातीनं वाटलेला असतो. कुणी पालखीला खांदा द्यायचा, कुणी तरंग, म्हणजे देवाची काठी धरायची, कुणी ढोल वाजवायचा आणि कुणी कुठल्या पायरीच्या खाली उभं राहायचं हेही त्याच मानात लिहिलेलं. महाडचं चवदार तळं याच कोकणात आहे, १९२७ चा सत्याग्रह इथलाच. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे हे मंडणगडकडचं. १९५६ च्या धर्मांतरानंतर किती वाड्यांनी देवळातली आपली पिढीजात कामं सोडली, आणि ती सोडण्यात किती बळ लागलं, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांनी परंपरा ‘जपली’ नाही म्हणून कुणी हळहळत असेल तर त्यानं आपली जागा तपासून बघावी. आणि आज १४ एप्रिलला मुंबईहून गाड्या भरून जी माणसं त्या वाड्यांवर येतात, रात्रभर भीमगीतं म्हणतात, ती चतुर्थीच्या चाकरमान्यांहून तसूभरही कमी गाववाली नाहीत. त्यांनी आपला मान स्वतः ठरवला, एवढंच.

बायकांचा तर या यादीत पत्ताच नाही. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येत. पिठाची गिरणी आली आणि ओव्या गेल्या. जातं परसात उलटं पडलंय, त्यावर आता मांजर बसतं. ओव्यांसाठी कुणी बैठक बोलावली नाही, कुणी कोर्टात गेलं नाही. बाईचं गाणं हा कुणाचा मान नव्हता, आणि टीव्हीनं ते मारलं नाही, विजेच्या मोटरनं मारलं. आम्हीही सुटलो म्हणूनच बघितलं. दळणाचा त्रास ज्यानं काढलाय त्यानं ओव्यांसाठी रडावं. फुगडीचं मात्र नशीब फळफळलं. चतुर्थीच्या दिवसांत आता फुगडीच्या स्पर्धा असतात, मंडळांच्या एकसारख्या साड्या, लाइव्ह प्रक्षेपण, बक्षिसं. आमच्या वाडीचं मंडळ एका स्पर्धेत दुसरं आलं तेव्हा पहिल्या नंबरावरून जे महाभारत झालं ते ऐकून मी निर्धास्त झाले. फुगडीला आता मरण नाही.

गाऱ्हाण्याचंही असंच बघते. ‘बा देवा म्हाराजा’ आता रीलवर आहे, टी-शर्टवर आहे, निवडणुकीच्या प्रचारात आहे. ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी बॉसच्या नावानं घालतं, लोक व्हय म्हाराजा करतात, खिदळतात. त्यात वाईट काही नाही. पण माझे दीर मस्कतला असतात. मुलाचं कॉलेजात ॲडमिशन अडलं तेव्हा त्यांनी भावाला सांगून देवळातून व्हिडिओ कॉल लावायला लावला. गुरवांनी नारळ हातात धरला, नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, कुठल्या देशात आहे ते सांगितलं आणि ‘तुझ्या लेकराची वाट मोकळी कर’ म्हणून देवाला बजावलं. पलीकडे मस्कतच्या खोलीत चप्पल काढून उभ्या राहिलेल्या माणसानं एकट्यानं व्हय म्हाराजा म्हटलं. आवाज जरा उशिरा आला, रेंज धड नव्हती. मग गुरव फोनकडे वळून म्हणाले, “भाऊनू, नारळ मिया दिलंय हां. त्येचे पैशे वैनीकडसून घेतंय.”

गेल्या वर्षी जत्रेआधीच्या बैठकीत प्रश्न निघाला की यंदा लाइव्ह करायचं का. पोरांनी ड्रोनसुद्धा ठरवून ठेवलेला. ड्रोनला विरोध झाला, देवळाच्या कळसावरून काही उडवायचं नाही म्हणून. कॅमेरा चालेल, पण गाभाऱ्यात नाही. चॅनेल कुणाच्या नावावर, त्याचे पैसे कंपनीला की देवस्थानाला, यावर तास गेला. मग कुणीतरी म्हणालं, जे बाहेरगावी बसून बघतील त्यांच्याकडूनही वर्गणी घेऊया. गावच्या मुंबईतल्या मंडळाचे सेक्रेटरी फोनवर, स्पीकरवर होते. ते म्हणाले, वर्गणी देतो, पण मग गाऱ्हाण्यात आमची नावं घ्या, निदान कुटुंबवार. मानकरी तात्या इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “नावां घेवक हरकत नाय. पण पालखेक खांदो देवक कोण येतलो?” यावर मुंबईनं विचारलं की खांद्याचा मान आमच्या घराण्याचा असताना गेल्या वर्षी तो दुसऱ्यानं कसा दिला. मग लाइव्हचा विषय बाजूला पडला आणि खरी बैठक सुरू झाली. माझ्याकडे चहाचं होतं. तिसऱ्यांदा आधण ठेवलं तेव्हा बोलणं १९९८ पर्यंत मागे गेलं होतं, कोकण रेल्वे सुरू झाली आणि पहिल्यांदाच सगळी घरं जत्रेला आली त्या सालापर्यंत.